चाळीस तास शुद्ध

नूतनने गावोगाव फिरून चाळीस तासांचं रेकॉर्डिंग आणलं आणि सरांनी ते दहा मिनिटांत निकालात काढलं.

"यात अहिराणी आहे कुठे?" बोललेली अहिराणी ऐकून लिहून काढणारा प्रोग्राम हा तिचा एम.एस्सी.चा विषय होता, अर्धा भाषाशास्त्राचा, अर्धा कॉम्प्युटरचा. "कॉम्प्युटरला अहिराणी शिकवायची, तर आधी ऐकवायला नको? पंधरा दिवस देतो. नाहीतर विषय बदला."

रेकॉर्डिंगमधल्या धुळ्याकडच्या बाया बातम्या दिल्यासारख्या बोलत होत्या. त्यांचा काय दोष? शाळेची खोली, टेबलावर माईक, समोर जळगावहून आलेली शिकलेली पोरगी. पाहुण्यांपुढे चांगली चादर काढावी, तशी त्यांनी चांगली भाषा काढली. आणि आधी चादर अंथरली होती नूतननेच. चोपड्याजवळच्या खेड्यातली ही पोर. पण होस्टेलात पहिल्याच आठवड्यात सगळी खोली तिच्या बोलण्याला हसली आणि तेव्हापासून सहा वर्षं तिच्या तोंडून अहिराणीचा शब्द निघाला नव्हता. आईशीसुद्धा शुद्धच! तिला स्वतःची लाज वाटली. पण विषय बदलायचा नाही, हे तिनं धुळ्याच्या बसमध्ये बसतानाच ठरवून टाकलं.

आधीच्या रेकॉर्डिंगमधल्या भिकुबाईंकडे त्या दिवशी पापड होते. गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमल्या होत्या. नूतनने सगळ्यांना विचारून मधोमध माईक ठेवला. बाया लगेच सावरून बसल्या.

"आम्ही आता उडदाचे पापड लाटत आहोत," भिकुबाईंनी सुरुवात केली.

नूतनने एक लाटणं ओढून घेतलं. "अक्का, माले बी लाटू द्या. मी बी तुमनीच पोर शे."

लाटणी थांबली. भिकुबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मंग इतला दिन कोठे व्हती व?"

मग काय विचारता! सगळ्या बाया अहिराणीत सुटल्या, सुनांपासून जावयांपर्यंत कोणाला सोडलं नाही, आणि सर्वांत जास्त हसं झालं ते नूतनच्या जाडजूड पापडाचं. यावेळचं हसणं तिला टोचलं नाही.

चौदाव्या दिवशी सरांनी अर्धा तास न थांबता ऐकलं. "विषय राहू द्या. पण अहिराणीतला हा पहिला आवाज कोणाचा? याच्या माहितीचा फॉर्म नाही."

नूतनने कोरा फॉर्म घेतला. प्रवेशाच्या वेळी मातृभाषेपुढे तिनं 'मराठी' लिहिलं होतं. आता 'अहिराणी' लिहिलं, सही ठोकली आणि बाहेर येऊन आईला फोन लावला.

"माय, कशी शे व?"

आईने नेहमीसारखं जपून उत्तर दिलं, "मी ठीक आहे, बेटा."

"आसं नको, माय," नूतन म्हणाली. "आपली बोलीमा बोल."