कस्तुराताईंचे पाच स्वाध्याय

“पाचच्या पाच परत?” कस्तुराने विचारलं.

“पाचच्या पाच,” विजयश्री मॅडम म्हणाल्या. “पुढच्या रविवारपर्यंत नव्याने लिहून द्या. नाहीतर अंतर्गत मार्क पाठवता येणार नाहीत, आणि ते नसले तर परीक्षेला बसता येणार नाही.”

अभ्यासकेंद्राच्या त्या वर्गात बाकीची मंडळी वह्या देऊन हसतखेळत वडापाव खायला निघाली होती. कस्तुरा तेवढी बाकावर बसून राहिली. वय चव्वेचाळीस. चाकणच्या एका कंपनीत ब्रेकच्या पाइपांची शेवटची तपासणी करण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. तिने पास केलेल्या मालाची तक्रार कधी आली नव्हती. पण सुपरवायझर व्हायचं तर पदवी हवी, आणि तीही पंचेचाळिशीच्या आत, असा कंपनीचा नियम. म्हणून मुक्त विद्यापीठाचं हे बीए. तिसरं आणि शेवटचं वर्ष. हे बुडालं की ती जागा कायमची गेली.

थेरगावला घरी आल्यावर तिने पाचही वह्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. सदोष माल वेगळा काढून ठेवावा तशा.

मराठीच्या सरांनी लिहिलं होतं, ‘मुद्दे नकोत. भावना हवी.’ अर्थशास्त्राच्या सरांनी लिहिलं होतं, ‘भावना नको. मुद्दे हवेत.’ इतिहासाच्या बाई विचारत होत्या, ‘तुमचं स्वतःचं मत कुठे आहे?’ आणि समाजशास्त्राच्या वहीवर खुद्द विजयश्री मॅडमचा शेरा होता, ‘स्वतःचं मत लिहू नये. अभ्यास हवा.’ पर्यावरणाच्या सरांनी नुसतंच एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, चांगलं तळहाताएवढं.

कस्तुराचं डोकं चालेना. माणसाने ऐकायचं तरी कुणाचं?

तिची मुलगी श्रद्धा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मराठीची वही उघडली आणि पहिल्याच पानावर तिला हसू फुटलं.

“आई, हे काय लिहिलंयस? ‘कवितेतील दोष : मुलगा घरी आला नाही. दोषाचे कारण : आईला कळवले नाही. उपाय : निघण्यापूर्वी फोन करावा.’”

“मग? न्हाई कळवलं त्यानं. म्हातारी दारात उभी ऱ्हायली ना बिचारी.”

“अगं, रसग्रहण आहे ते! रिजेक्शन रिपोर्ट नाही.”

“मला लिहायची तीच एक पद्धत येती,” कस्तुरा म्हणाली. “दोष, कारण, उपाय. अठरा वर्षं तेच लिहितेय. आन् मोजलं न्हाई ते लिहायचं न्हाई.”

हीच तर सगळी गोम होती. भाव वाढला की मागणी घटते, असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात छापलं होतं. कस्तुराने डांगे चौकात उभं राहून दोन आठवडे लोकांची कांद्याची खरेदी पाहिली, आणि ‘भाव वाढूनही कांदा तेवढाच गेला. नियम तपासणीत नापास’ असं लिहून मोकळी झाली. इतिहासात १८५७च्या बंडाची कारणं विचारली होती. तिथे तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘मी तिथे हजर नव्हते.’ बाईमाणसाचा सरळपणा म्हणावा की वेडेपणा, कोण जाणे. नापास मात्र ती सगळीकडे सारखीच झाली होती.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये दिग्विजय शेजारी येऊन बसला. तिच्याच हाताखाली माप तपासायचं गेज धरायला शिकलेला पोरगा, दोन वर्षांपूर्वी याच केंद्रातून पास झाला होता.

“ताई, तुम्ही टेन्शन कशाला घेता? माझ्या वह्या देतो ना,” तो म्हणाला. “सगळे तेच उतरवतात. मी पण कुणाच्या तरी उतरवल्या होत्या. त्याने अजून कुणाच्या.”

“आन् पैलं कुणी लिवलं?”

दिग्विजयने थोडा विचार केला. “ते काय माहीत नाही, राव.”

वह्या आल्या. कस्तुराला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज धरून वर्ष वाचत नव्हतं. रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ती उतरवायला बसायची. मराठीत ‘वात्सल्याचा अथांग सागर’ असं लिहिलं. अर्थशास्त्रात उतरत्या रेषेचा आलेख काढला आणि इतिहासात एक कडक मत ठोकून दिलं. ते कुणाचं मत होतं ते तिला कळलं नाही, पण अक्षर छान आलं. पर्यावरणाचा स्वाध्याय गुरुवारी संपला. चार वह्या झाल्या. कंपनीत मुकाट शिक्के मारणाऱ्या माणसांना ती आजवर नावं ठेवत आली होती. आता आपण त्यांच्यातच जाऊन बसलो की काय, हे तिला उमगेना.

शुक्रवारी तिने समाजशास्त्र काढलं. विषय होता, ‘माझ्या कुटुंबाचे स्थलांतर’. दिग्विजयच्या वहीवरून तिचा हात भराभर चालू लागला. कुटुंब गावाहून औद्योगिक पट्ट्यात आलं. राहायला अपुरी जागा. पुढे वाक्य होतं, ‘वडील कारखान्यातील श्रमामुळे व्यसनाधीन झाले व कुटुंबाची वाताहत झाली.’

‘वडील’ एवढं लिहून तिचा हात थांबला.

“श्रद्धा,” तिने हाक मारली, “हे मी लिवलं तर आण्णांबद्दल होईल ना गं?”

“कुणी तपासत नाही, आई. सगळ्यांच्या वहीत वडील दारूच पितात. मार्क त्याचेच आहेत.”

कस्तुराचे वडील अण्णासाहेब ओव्हाळ बार्शीकडून आले ते कासारवाडीला उतरले आणि लोखंड ओतायच्या फाउंड्रीत लागले. बायको-पोरी यायच्या आधी एका खोलीत आठ जण. ज्याची पाळी सुटेल त्याने अंथरुणात यायचं आणि ज्याची भरेल त्याने उठायचं. धुळीवर उतारा म्हणून फाउंड्रीत रोज गुळाचा खडा मिळायचा. आण्णा तो खायचे नाहीत. कागदाच्या पुडीत बांधून पोरींसाठी आणायचे. छाती भरून गेली त्यांची शेवटी, पण दारूला त्यांनी जन्मात हात लावला नाही. हे सगळं तिने पहिल्या वेळी लिहिलं होतं. त्यावरच ‘अभ्यास हवा’ असा शेरा आला होता.

चार वह्यांत ती कुणाच्या तरी तोंडून बोलली होती, ते चाललं. पण या माणसाला आपल्या हाताने दारुडा करायचं? तिने ते पान फाडलं आणि आपला जुनाच स्वाध्याय, एक शब्दही न बदलता, पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढला. बुडालं वर्ष तर बुडालं.

रविवारी मॅडमनी चार वह्या पाच मिनिटांत संपवल्या. चारींवर सोळा-सोळा मार्क पडले. बाकीच्या शिक्षकांनी फेरतपासणीचे अधिकार त्यांच्याकडेच दिले होते. पाचवी वही उघडली आणि त्या थबकल्या.

“कस्तुराताई, हे तेच आहे.”

“हो.”

“बाकीच्या वह्यांत किती छान सुधारणा केलीत तुम्ही! मग इथे काय झालं?”

“बाकीच्यांत काय लिवलंय ते मलाच कळलं न्हाई, मॅडम. हे तेवढं कळतंय.” “आमचे आण्णा दारू पीत न्हवते. मी न्हाई लिवणार तसं.”

विजयश्री मॅडमनी त्या चार वह्यांकडे पाहिलं. काय ओळखायचं ते त्यांनी ओळखलं असावं. पाचवी वही त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. आठ जणांच्या खोलीपाशी थांबल्या, गुळापाशी थांबल्या.

“मार्क मला द्यायचे आहेत,” त्या हळूच म्हणाल्या, “पण संदर्भ नाहीत. त्याशिवाय हा अभ्यास धरता येत नाही. नियम आहे.”

“संदर्भ म्हंजे?”

“हे तुम्हाला कुणाकडून कळलं, त्यांची नावं. शेवटच्या पानावर. क्रमांक घालून.”

हे कस्तुराला जमण्यासारखं होतं. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

१. अण्णासाहेब मारुती ओव्हाळ, फाउंड्री कामगार, कासारवाडी.
२. पारूबाई अण्णासाहेब ओव्हाळ, घरकाम.
३. किसन शिरसाट, एकाच अंथरुणातले, दुसरी पाळी.
४. यशवंतराव, खोलीचे मालक. आडनाव माहीत नाही.

तिने पान नेऊन दाखवलं. मॅडमनी प्रत्येक नावावरून बोट फिरवलं.

“काही विचारायचं झालं तर यांच्यातलं कोण भेटेल?”

कस्तुरा गोंधळली. तिने यादी खालून वर वाचली, मग वरून खाली. बाकी तिघं केव्हाच गेले होते; आई गेल्या दिवाळीत गेली होती.

“कुणीच न्हाई,” ती म्हणाली.

“मग यादी पुरी झालेली नाही,” मॅडम म्हणाल्या आणि आपलं पेन त्यांनी तिच्यापुढे धरलं. “एक नाव राहिलंय.”

“कुणाचं, मॅडम?”

मॅडमनी नुसतं पेन धरून ठेवलं. कस्तुराला उमजायला थोडा वेळ लागला. मग तिने पेन घेतलं, ओढणीने हात पुसला, आणि चारखाली पाचचा आकडा घालून आपलं नाव लिहिलं.