हात केला तरच बस थांबते

मित्रांनो, माझ्या छपरावर शेवाळ चढले आहे, बाकाची एक फळी हलते, आणि सध्या मला भीती वाटते. मी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या लिटल हॅमरिज गावचा जुना लाकडी बसथांबा. गावच्या सुताराने मला घडवले, तेव्हा वेमथच्या समुद्रावर निघालेली पोरे बादल्या, फावडी घेऊन माझ्यात दाटीवाटीने बसत. फार कौतुक झाले माझे. मग घरोघरी मोटारी आल्या. आता दर गुरुवारी एकटी बेरिल आजी येते. तिचे यजमान लेन वेमथच्या वृद्धाश्रमात आहेत, आणि तिला मोटार चालवता येत नाही.

एक दिवस माझ्या भिंतीवर कागद चिकटला. येत्या गुरुवारी इथून चढणारे उतारू मोजणार. पाचांहून कमी भरले तर बस बंद. चिकटवणाऱ्याने मला ठोकून पाहिले. "लाकूड बरं आहे. कुंपणाला होईल." मित्रांनो, माझे खिळे थरथरले.

गावाने विरोधाच्या अर्जावर एकशे बारा सह्या केल्या. सही करायला सगळे मोटारीने आले.

मोजणीच्या दिवशी मात्र चौदाजण हजर! दोन्ही हातांत 'आमची बस वाचवा'चे फलक. अर्जाचे पुढारी क्लाइव्ह रांगेत पहिले. बेरिल आजी मागून आली आणि शिस्तीत शेवटी उभी राहिली.

वळणावर बस दिसली. कुणी हात करेना.

"क्लाइव्हसाहेब, हात करा!" आजी ओरडली.

"कशाला? एवढे सगळे दिसतोय की ड्रायव्हरला!"

"त्याला वाटेल मोर्चा आहे! हात केल्याशिवाय थांबत नाही ती!"

"मग तुम्ही पुढे येऊन करा ना."

"आणि रांग?" मधल्या बाई दचकल्या.

बसचा वेग कमी होईना. माझा जीव फळ्यांत मावेना.

"खड्ड्यात गेली तुमची रांग! सरका, मेल्यांनो!" आजी कोपरे मारत रस्त्यावर आली आणि तिने हात उंच केला. दहा पावले पुढे जाऊन बस करकचून थांबली.

"आजी, जीव द्यायचाय का?" ड्रायव्हर खेकसला.

"वेमथला जायचंय. आम्ही पंधराजण. आणि या साहेबांना तिकीट कसं काढतात तेही शिकव."

बस वाचली, पण सहाच महिन्यांपुरती. मग पुन्हा मोजणी होणार. लगेच पुढच्याच गुरुवारी मी पाहिले: आजी एकटी. क्लाइव्ह मोटारीतून प्रेमाने भोंगा वाजवून गेले.

मित्रांनो, मला रंग नको, सह्या नकोत. अधूनमधून येऊन बसा, बसने जा. कुंपण व्हायची भीती मला आहेच. पण लेनना आता वार कळत नाहीत. बेरिल आली, की तो गुरुवार.