फुकटची हवा

नर्सबाईंची मोटरसायकल तिसऱ्यांदा गॅरेजात आली आणि बाबांनी तिसऱ्यांदा तेच केलं. रेसचा स्क्रू जरा पिळला, इंजिन भुर्र झालं. "न्या बाई. झाली."

"नाही झाली," बाबांची लेक म्हणाली.

घ्या! कालच बाबांनी बजावलं होतं, गिऱ्हाइकासमोर पुन्हा तोंड चालवलंस तर गॅरेजच्या किल्ल्या पुतण्याला. लहानपणापासून हात काळे केले हिने, आणि किल्ल्या कुणाला, तर प्लग काढताना ज्याला घाम फुटतो त्याला! तरी तिला गप्प बसवेना. गाडी चौकात बंद पडली होती आणि मागून ट्रक येत होता. बाई थोडक्यात वाचल्या होत्या.

"कार्बोरेटर मी मागच्या खेपेलाच साफ केलाय. तरी तापली आणि रेस सोडली की स्लोवर बंद पडते. कुठूनतरी फुकटची हवा ओढतेय, बाबा."

"हवा तुझ्या डोक्यात गेलीय."

 तिने इंजिन स्लोवर ठेवून साबणाच्या पाण्याची बाटली घेतली आणि जोडांवर पाणी मारत सुटली. वरून मारलं, काही नाही. बाजूने मारलं, काही नाही. बाबा खुशाल हसले. तिचे कान तापले, पण माघार घेईल ती कसली! मनगट मुरडून तिने कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी नळीखाली पिचकारी मारली. पाणी आत ओढलं गेलं; इंजिन अडखळलं आणि बंद पडलं.

नळी काढून वाकवली तर खालच्या अंगाला चांगली लांब चीर.

"म्हणजे आधी दोनदा नुसतंच..." बाई बाबांकडे बघत राहिल्या.

बाबा लालबुंद झाले. "बापाला तोंडघशी पाडलंस! किल्ल्या पुतण्याला. विषय संपला." तरातरा आतल्या खोलीत गेले.

रडू आलं तिला, रागाचं. डोळे बाहीला पुसून तिने नवी नळी बसवली आणि किक मारली. आता चोरटी हवा नव्हती, आणि स्क्रू तर पिळून ठेवलेला. इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. तिने ते तसंच बोंबलू दिलं.

"अगं, कमी कर!" आतून आवाज आला.

"तुम्ही पिळलाय, तुम्हीच करा!"

बाबा फणफणत बाहेर आले. स्क्रू सैल केला. आणखी सैल केला. मग मुद्दामच, बंद पडेपर्यंत सोडायचा म्हणून सोडत गेले. आवाज खाली खाली गेला, जाड झाला, पण तुटेना. बाबांचा हात थांबला. ते बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"पुतण्याला नसतं सापडलं हे," शेवटी ते करवादले.

"तुम्हालाही नाही सापडलं." तिने काळा पंजा पुढे केला. "द्या किल्ल्या."

"अशा मागतात?"

"मग कशा? लाजत?"

बाबांनी खिशात हात घातला.