रंगाखालचे बोल्ट

माझ्या सासरी गंजावर औषध एकच, चंदेरी रंग. पाहुणे यायचे म्हटले की डबा उघडतो आणि फाटकाच्या कडीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत सगळं चकाचक. आधी घासायचं, खरवडायचं, असलं काही नाही. सासरे हेच करायचे, नवरा हेच करतो. नवी नवरी असताना मी एकदा म्हटलं होतं, आधी गंज तरी काढा. तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी असं कोरत बसत नाही."

मी शिलाई मशिनं दुरुस्त करते. माझ्या टेबलावर व्हिनेगरची बरणी कायम असते. गंजलेले स्क्रू त्यात बुडवायचे, गंज सुटला की ब्रशने घासायचे, धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे आणि लगेच तेल लावायचं. यात काही मोठी विद्या नाही. वस्तूकडे नीट बघावं लागतं, एवढंच. आणि नेमकं तेवढंच या घराण्याच्या जिवावर येतं.

लेकीला दवाखान्यात नोकरी लागली. उद्यापासून सायकलने जायचं. आमच्या दारातून निघालं की सरळ उतार, आणि उतार संपतो तिथे ट्रकचा रस्ता. मी नवऱ्याच्या मागे लागले होते, जुनी सायकल काढा, नट-बोल्ट सोडवून माझ्याकडे द्या, मी बघते. तर म्हणे, "माझ्या लेकीची सायकल मी करणार. तू मध्ये लुडबुड करू नकोस."

आज कामावरून आले तर सायकल वर गॅलरीत उभी. दांड्यापासून घंटेपर्यंत चंदेरी. लेक तिच्याभोवती फिरत होती, चेहरा नुसता फुललेला. नवरा खुर्चीत चहा पीत बसला होता, लढाई जिंकून आल्यासारखा. सासूबाई रोजच्यासारख्या कठड्याला रेलून उभ्या.

"बघ माझ्या लेकाने कशी नवी करून दिली," त्या म्हणाल्या. "तू अजून बरणीत लोणचं घालत बसली असतीस."

"ब्रेक बघितले?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी पण सकाळी हेच विचारलं," लेक म्हणाली. "बाबा म्हणाले, एकदम पक्के."

दिसतं तसं नसतं, हे मला या घराने चांगलं शिकवलंय. मी पिशवीतून पाना काढला आणि पुढच्या ब्रेकच्या बोल्टला लावला. जोर लावलाच नव्हता. रंगाचा पापुद्रा तडकला आणि बोल्ट कटकन तुटून हातात आला. आत लोखंड उरलं होतं काडेपेटीच्या काडीएवढं. बाकी सगळी पांढरी पुट्टी, बोटाने दाबून, छान गोल करून बसवलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गंज नजरेतून सुटतो, माणूस आहे, चालायचंच. पण पुट्टी भरली म्हणजे खड्डा दिसला होता.

"हे काय आहे?" मी बोल्ट त्याच्या बशीत टाकला.

"अगं, जुनी सायकल आहे. थोडंफार असणारच."

"पुट्टी आहे ही."

"दुकान बंद होतं. म्हटलं, चार दिवस निघतील, मग बदलू."

"आणि ते चार दिवस उतारावरून कोण जाणार होतं? तुम्ही?"

त्याने कप तोंडाला लावला.

"अगं, पोरीला बरं वाटावं म्हणून केलं बिचाऱ्याने," सासूबाई मध्ये पडल्या. "किती तोडून बोलशील?"

"बरं वाटावं म्हणून? पोर ट्रकखाली गेली असती, आई. मग काय रंगवलं असतंत? तिने यांना तोंडावर विचारलं, ब्रेक ठीक आहेत का. खड्डा स्वतः भरलेला असताना यांनी तिला पक्के म्हणून सांगितलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. तुमचं सगळं घरच असलं."

उद्या सकाळी मी तिला हसत हसत हात केला असता, हे राहून राहून डोक्यात येत होतं.

लेकीने बशीतून बोल्ट उचलला. काडीएवढं लोखंड नखाने टोकरलं, पुट्टीचा चुरा बोटांत चोळला. चेहऱ्यावरचं सगळं उतरलं होतं. ती सायकलकडे पुन्हा बघतही नव्हती.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "मागे पाहुणे आले तेव्हा हा कठडा पण तुम्हीच रंगवलात ना?"

"हो. म्हणजे काय?"

"त्याच्या बुडाशी काय भरलंय?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. त्याची नजर आईच्या कोपराखालच्या कठड्यावर गेली. गॅलरीखाली दोन मजले आणि मग फरशी.

सासूबाईंनी आधी कोपर उचललं, मग हात. भिंत धरून धरून आत आल्या. लेकाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तुझा तो पाना आण," त्या मला म्हणाल्या. "आणि माझी लोखंडी खाट पण बघ."