दारावरच्या यादीत मी नव्हते

"घरात कोणाला सर्दी-खोकला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं बोट सासूबाईंकडे वळलं.

समोरच्या खाटेवर माझी चार महिन्यांची लेक होती. आम्ही सगळे तिला मुंगी म्हणतो. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सकाळी ती दूध ओढेना, आठच्या सुमाराला ओठ निळसर दिसले, नवाला आम्ही इथे.

"या चार दिवस शिंकताहेत," मी म्हणाले. "मी बाळाला हातसुद्धा लावू दिला नाही यांना. तरी बघा!"

सासूबाई शाळेचे गणवेश शिवतात. पुढच्या खोलीत मशीन आहे आणि कामाच्या दिवसांत कापडाचे बारीक तंतू घरभर उडतात. दर वर्षी त्या शिंकतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

मी तशी नजर ठेवण्यात पटाईत. कारखान्यात माझं कामच ते: सरकत्या पट्ट्यावरून बरण्या येतात, झाकण सैल दिसलं की बरणी बाजूला. बाळंतपणाच्या रजेत मी घर तपासायला घेतलं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फ्लूची लस देत नाहीत हे वाचलं होतं. म्हणजे तिच्याभोवतीच्या माणसांनी घ्यायची. मी दाराबाहेर जाड अक्षरांत कागद चिकटवला. ताप आहे? खोकला आहे? हात धुतले? यंदाची फ्लूची लस घेतली? खाली मुंगीच्या नात्याने घरच्यांची यादी. आजी, बरोबरची खूण. बाबा, खूण. आत्या, खूण. नवरा सुईला घाबरतो, त्याला तर मी जवळजवळ कानाला धरून नेलं. "सरहद्दीवरसुद्धा एवढं विचारत नसतील," असं पुटपुटत सासूबाई गेल्या आणि लस घेऊन आल्या.

"आजींना ताप होता?" डॉक्टरीणबाई.

"नाही."

"अंगदुखी?"

"मशीनवर बसून अंग रोजच दुखतं हो," सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "त्यात नवीन काय?"

"यंदाची लस?"

"घेतली. सूनबाईंनी सोडलं असतं होय?"

"मी पण घेतली," नवरा म्हणाला. "डोळे मिटून."

कोणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"



सातव्या महिन्यात तपासणीच्या वेळी नर्सबाईंनी सांगितलं होतं, घेऊन टाका. मी म्हणाले, पोटात बाळ आहे, आत्ता नको. नंतर म्हटलं, अंगावर पाजतेय, उगाच कशाला. मग म्हटलं, मी कुठे जाते? मी तर घरातच.

"नाही घेतली," मी म्हणाले.

"गेल्या आठवड्यात तुम्हाला काही झालं होतं?"

गेल्या शुक्रवारी रजेच्या कागदावर सही करायला मी तासभर कारखान्यात गेले होते. कचेरीत खिडक्या बंद होत्या आणि तिघं-चौघं खोकत होती. सोमवारी घसा खवखवला, संध्याकाळी कणकण. जागरणाने होतं असं. एक गोळी घेतली, शाल पांघरली आणि मुंगीला कुशीत घेऊन पडले. कोणाला सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी सासूबाई दुपटी घडी करायला आत आल्या, शिंकल्या, आणि मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

नाकात काड्या घालून आमचे नमुने घेतले. तासाभराने तीन कागद आले. मुंगी: फ्लू. मी: फ्लू. सासूबाई: काही नाही.

मला रडू आलं नाही. मी खाटेच्या चाकाकडे बघत राहिले. त्याला एक निळा दोरा गुंडाळला गेला होता. तो सुटा करावा असं वाटत होतं आणि हात हलत नव्हता.

"लस घेतली म्हणजे फ्लू होतच नाही, असं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण शक्यता कमी होते, आणि झाला तरी बहुधा फार वाढत नाही. गरोदरपणी घेतली असती तर हिच्याही वाट्याला थोडं संरक्षण आलं असतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाजू ना तिला?"

"जमेल तेव्हा नक्की पाजा. मास्क लावून, हात धुवून. एरवी मात्र दुसऱ्या कोणालातरी सांभाळू द्या."

सासूबाई उठल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि खाटेपाशी बसल्या. चार दिवसांनी त्यांनी नातीला हात लावला. मुंगीने त्यांचं बोट पकडलं. मी दारापाशी उभी राहून पाहिलं, चार दिवस घरात त्या उभ्या राहिल्या होत्या तशी.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पाचव्या दिवशी घरी सोडलं. सासूबाई मुंगीला खांद्यावर घेऊन पुढे होत्या. दारापाशी त्या थबकल्या, कागदाकडे पाहिलं आणि वाट अडवून उभ्या राहिल्या.

"ताप आहे?"

"आई, काय हे..." मी म्हणाले.

"ताप आहे का, विचारलं."

"नाही."

"खोकला?"

"थोडा."

"हात?"

"धुतले."

"यंदाची लस?"

"उद्या. डॉक्टरांना विचारलंय." मग मला पुढचं बोलावंच लागलं. "आई, त्या दिवशी मी तुमच्याकडे बोट..."

त्यांनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"त्याच बोटांनी लिही आता."

आत्याच्या खाली जागा होती. मी लिहिलं: आई. पुढे खूण करायला हात गेला, तसा त्यांनी मनगट धरलं.

"ती उद्या. आज नुसतं नाव."