सत्काराला गेलेला फेटा

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका गच्चीवर असला, तरी मी मूळचा डोक्यावरचा. मी जुना केशरी फेटा आहे. सुती, लांबलचक आणि आता बराच विटलेला.

तरुणपणी मी जुन्नर तालुक्यातले पुष्कळ सत्कार पाहिले. फेटा बांधला की माणूस बोटभर उंच होतो आणि त्याचं भाषण हातभर लांबतं, एवढं माझ्या ध्यानात आलं. पुढे रंग उडाला आणि मला कोणी विचारेना.

शेवटी बोरी बुद्रुकजवळ सरूबाईंच्या बचत गटाने मला कामाला लावलं. टोमॅटोचे वेल, कांद्याची पात, बाजारात उरलेली कोबी यांचे लांब ढीग लावून तिथे खत करतात. ढिगाला आत हवा मिळाली नाही तर तो सडून घाण मारतो, म्हणून तो अधूनमधून उलटावा लागतो. उलटताना थोडा वास सुटतोच. तो कोणाकडे पाठवायचा, एवढंच आपल्या हातात असतं. मला उंच बांबूला गुंडाळून एक टोक मोकळं सोडलं होतं. टोक नदीकडे उडालं की ढीग उलटायचा, कारण मासे तक्रार करत नाहीत. शेजारच्या मंगल कार्यालयाकडे उडालं की हात लावायचा नाही.

कार्यालय दादाभाऊंचं. मला बांधण्यापूर्वी एका लग्नात वऱ्हाडाने नाकाला रुमाल लावून जिलेबी खाल्ली होती. ते दादाभाऊ विसरले नव्हते. एका लग्नाच्या दिवशी ते स्वतः आले.

"माझ्यासमोर ढीग उलटा. तिकडं वास गेला, तर ग्रामसभेत हे बंद करायचा ठराव मीच मांडतो," ते म्हणाले. गटातल्या बायकांची रोजी त्या ढिगांवर होती.

पण पाहुणा आला म्हणजे आधी सत्कार. शाल होती, नारळ होता, फेटा नव्हता.

"त्यो हाय की वर," लोडर चालवणारा भागू पुटपुटला.

"आरं, त्यो वाऱ्याचा हाय," सरूबाई हळूच म्हणाल्या.

"मावशे, नुसत्या नारळावर दादाभाऊ खूश व्हनार न्हाईत."

मला उतरवलं, झटकलं आणि दादाभाऊंना बांधलं. त्यांनी नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"नव्या कापडाचा," भागू म्हणाला.

मग त्याने लोडर सुरू केला. सरूबाईंनी सवयीने वर पाहिलं. वर नुसता बांबू. त्या गोंधळल्या आणि मग त्यांची नजर दादाभाऊंच्या पाठीकडे गेली. माझा शेमला, म्हणजे पाठीवर सोडलेलं टोक, थेट कार्यालयाकडे फडफडत होता.

"भागू, बंद कर," त्या ओरडल्या.

"का थांबवलं?" दादाभाऊंनी विचारलं.

"दादाभाऊ, तुमचा शेमला तुमच्याच कार्यालयाकडं चाललाय. वास बी तिकडंच जाईल. जरा बसा. डोकं हलवू नका."

दादाभाऊ खुर्चीवर फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. चहा आला, थंड झाला. दुपार कलली तसा वारा फिरला आणि मी नदीकडे वळलो.

"आता उलट," दादाभाऊ स्वतःच म्हणाले.

ढीग उलटला. तिकडे वऱ्हाड जिलेबी दोन्ही हातांनी खात होतं. ग्रामसभेत दादाभाऊंनी ठराव मांडला नाही. गावकऱ्यांना ते वारा कसा ओळखावा हेच सांगत बसले, तेही बराच वेळ.

एक अडचण मात्र राहिली. सत्काराचा फेटा परत कसा मागायचा? सरूबाईंनी मागितला नाही. दादाभाऊंनी दिलाही नाही. त्यांनी मला आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर काठीला बांधलं. खताच्या आवारातून मी नीट दिसतो. तरी दादाभाऊ रोज फोन करतात, "सरूताई, आज वारा माझ्याकडं हाय बरं का. हात लावू नका."

मित्रांनो, पाहुण्यांचा सत्कार जरूर करा. तेवढा फेटा दुकानातून आणा. कामावरच्याला उतरवू नका. सगळ्याच पाहुण्यांना इतका वेळ डोकं स्थिर ठेवता येत नाही.