वीस श्वास

ताटाळ्यातून एक चमचा घसरला आणि ओट्यावर टणकन आपटला. दुपारच्या त्या शांततेत तेवढा आवाजही घरभर फिरून आला. आतल्या खोलीत सासूबाईंनी कूस बदलली, फरशीवर बाहुली घेऊन बसलेल्या खारूने मान वर केली, आणि टेबलाशी बसलेल्या तिच्या आईचा हात आपोआप छातीशी गेला. तिथे घड्याळ नव्हतं. घरच्या गाऊनला कोण घड्याळ टाचतं? पण अकरा वर्षांच्या नोकरीत ही एक खोड जडली होती. काही पडलं, कुणी कण्हलं, की आधी वेळ बघायची.

वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. घरी ती सून होती, बायको होती, आई होती. पण सगळ्यात लवकर तिला वॉर्डातलीच हाक ऐकू येई. पाच वर्षांच्या खारूलाही हे बरोबर ठाऊक होतं. आई, आई करून घसा बसला की ती एकदाच ‘सिस्टर’ म्हणे, आणि आईची मान तिथल्या तिथे वळे.

आज टेबलावर तिच्यासमोर एक पाकीट होतं, डिंक लावून बंद केलेलं. आत एक कागद, कागदावर सात ओळी. तेवढ्या लिहायला तिला तीन दिवस लागले होते. चार वाजायच्या आत ते मेट्रनबाईंच्या टेबलावर पोचायला हवं होतं, आणि ती एकपासून उठते उठते म्हणत तिथेच बसून राहिली होती.

त्या सात ओळी एका मुलीबद्दल होत्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आवाज एवढासा, म्हणून वॉर्डाने तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. सुई टोचायच्या आधी ही मुलगी पेशंटची माफी मागायची आणि टोचून झाल्यावर पुन्हा मागायची. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी तिला सांगितलं होतं, बाई गं, तू माफी मागू नकोस, त्यानेच मला जास्त भीती वाटते.

सिस्टरनेच तिला हाताशी धरलं होतं. ताप कसा बघायचा, नाडी कशी धरायची, आणि श्वास कसे मोजायचे. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची आणि नजर छातीवर न्यायची, कारण आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस एकतर श्वास रोखतो नाहीतर नको तेवढे घेतो. आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालणार नाही. सिस्टरला हे तिच्या शिकायच्या वयात तेव्हाच्या मोठ्या सिस्टरबाईंनी शिकवलं होतं, त्याच शब्दांत. पोरीकडे सेकंदकाट्याचं घड्याळ नाही हे पाहिल्यावर सिस्टरने आपलं पहिलं घड्याळ ट्रंकेतून शोधून काढलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या गणवेशावर टाचलं.

इथवर सगळं बरोबर होतं. पण वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि पाळीला सिस्टर दोघीच. एक दिवस औषधांची ट्रॉली मधल्या वाटेत अडकून पडली होती, आणि पुढे बघावं तर चिमणी सहा नंबरच्या खाटेशी मनगट धरून पुतळ्यासारखी उभी. मागून सिस्टर म्हणाली, “अगं, बोलतोय ना? हसतोय ना? मग वीस. लिही आणि सरक पुढे. अशी एकेकाशी मिनिट मिनिट बसलीस तर इथेच उद्याची सकाळ उजाडेल.”

वॉर्डात सगळ्याच वीस लिहीत. कुणी सुरू केलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्यात लबाडी आहे असंही कुणाला वाटत नसे. रस्त्यात कुणी ‘कसं काय’ विचारलं की आपण ‘बरं आहे’ म्हणतो, तसं ते वीस. चिमणीने त्या दिवशी मान हलवली आणि वीस लिहिलं. महिन्याभरात तिचा हात इतका चालू लागला की सिस्टरने मेट्रनबाईंपाशी तिचं कौतुक केलं, पोरगी आता तयार झाली म्हणून.

अकरा नंबरला शिंपीकाका आले ते जिन्यावरून पडून. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, पण जिभेला काही झालं नव्हतं. चिमणीने मनगट धरलं की विचारत, “माप घेतेस का गं? बाही तेवढी आखूड शिवू नकोस.” तिसऱ्या दिवशी दुखणं फारच वाढलं, म्हणून सकाळी त्यांना कळ शमवायचं जोरदार इंजेक्शन दिलं. दहा वाजता चिमणीने लिहिलं वीस. बारा वाजता वीस. दोन वाजता काका गाढ झोपले होते. बिचाऱ्यांना एकदाची झोप लागली म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं. चिमणीने वीस लिहिलं. सिस्टरच्या हातात नोंदींचे तीन तक्ते होते. तिने वर न बघता तिन्हींवर सही केली.

अडीचच्या सुमारास काकू आल्या. काकांना सलाईनच्या हातावरून चढवता यावा म्हणून एका बाजूने उघडा, बंदांचा सदरा त्यांनी शिवून आणला होता. त्या म्हणाल्या, अहो, बघा तरी, शिलाई सरळ आलीय का. तीनदा म्हणाल्या. मग त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

त्या औषधाने श्वास हळूहळू मंदावतो. वीसचे बारा होतात, बाराचे आठ. एक मिनिट कुणी खाटेशी उभं राहिलं असतं तर काका जायच्या आधी दिसलं असतं. त्यावरचा उतारा त्याच वॉर्डच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर होता. चौकशीला आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तक्ता हातात धरला, वीस, वीस, वीस असं वाचलं, आणि हा माणूस होता की भिंतीवरचं घड्याळ, एवढंच विचारलं.

मेट्रनबाई काही वाईट नव्हत्या. खारूच्या वेळी सिस्टरला आठवा महिना होता, तेव्हा पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून त्यांनी सगळ्यांशी भांडण घेतलं होतं. त्यांनीच दार लोटून तिला समजावलं. विद्यार्थिनीने नोंदी केल्या, मी विश्वासाने सही केली, एवढंच लिहायचं. मुलगी तरुण आहे, दुसरं काही शिकेल. तुझ्या पदरात पोर आहे, आणि तुझ्याविरुद्ध एक अक्षर गेलं तर पुन्हा कुठल्या वॉर्डात उभं करणार नाहीत. सासूबाईंनी तेच आपल्या भाषेत सांगितलं, की आपलं घर पेटवून दुसऱ्याला ऊब द्यायची नसते. नवरा म्हणाला, तू ठरवशील ते, आणि आधीच चकचकीत असलेले बूट पुन्हा पुसत बसला.

मेट्रनबाईंनी तिला चिमणीचा जबाबही दाखवला होता. मी श्वास मोजले नाहीत, चूक माझी आहे. त्या दोन वाक्यांत सिस्टरचं नाव कुठेच नव्हतं. वाचून तिला आधी हायसं वाटलं. मग स्वतःची शिसारी आली. पण आधी हायसं वाटलं होतं, हे तिला स्वतःपासून लपवता येईना.

बेल वाजली. सासूबाई उठू नयेत म्हणून ती लगबगीने गेली. दारात चिमणी उभी होती, निळ्या कपड्यांत. सिस्टरने तिला पांढऱ्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. ती एकदम शाळेतली पोर दिसत होती.

सिस्टरने चहा टाकते म्हटलं. चिमणी नको म्हणाली. खाली तिचे बाबा रिक्षात ट्रंक घेऊन थांबले होते. वसतिगृहाची खोली तिने सकाळीच रिकामी केली होती, आता फक्त नाव काढून घ्यायचा अर्ज ऑफिसात द्यायचा होता.

“चौकशीचा निकाल अजून लागायचाय,” सिस्टर म्हणाली. “कदाचित एखादं वर्षच जाईल तुझं.”

“लागेल तो लागेल. मला आता कुणाचं मनगट धरवत नाही, सिस्टर. हात धरला की तो सदरा दिसतो.”

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. पुसून, चावी देऊन आणलं होतं. खारू उठून टेबलाशी आली आणि कडेवर हनुवटी टेकून सेकंदकाटा बघत राहिली.

विचारायचं नाही असं सिस्टरने ठरवलं होतं. तरी तोंडून निघालंच. “तू माझं नाव का नाही लिहिलंस?”

चिमणीने रिकाम्या रुमालाची घडी घातली. “मोजायलाही तुम्हीच शिकवलं होतंत ना. दोन्ही तुम्हीच शिकवलंत. त्यातलं सोपं होतं ते मी उचललं.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सिस्टरला बोलता आलं असतं. मग चिमणीची नजर पाकिटाकडे गेली. वर मेट्रनबाईंचं पद लिहिलेलं होतं.

“हे ऑफिसला जायचंय का? द्या की, मी तिकडेच चाललेय. एवढ्या उन्हात पोरीला घेऊन कुठे जाता?”

सिस्टरचा हात पाकिटावर होता. घरात घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती, आणि काय करावं हे न सुचून तिची नजर आपोआप मुलीच्या छातीवर गेली. एक, दोन, तीन. भरभर चालला होता श्वास. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदा नीट मोजत होती. आत्ता पाकीट फाडलं तर? आत नसलेली एक ओळ लिहायची, वीस लिही हे मीच सांगितलं. नऊ, दहा. मग खारूने तिच्या गाऊनचं टोक पकडलं. अकरा. पुढचे मोजायचे राहून गेले.

तिने पाकीट दिलं.

चिमणीने ते आपल्या अर्जाला लावून पर्समध्ये ठेवलं, कोपरे दुमडू नयेत म्हणून नीट सरळ करून. “माफ करा हं,” जाता जाता ती म्हणाली, “तुमची झोपमोड केली.”

जिन्यावर तिची पावलं वाजत गेली. एका माणसाचा दबका आवाज आला, झालं का गं बाळा, आणि मग रिक्षा सुरू झाली. सिस्टर कडीवर हात ठेवून उभी होती. कडी काढायची आणि धावत सुटायचं, एवढंच करायचं होतं. रिक्षाचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. तरी ती उभीच होती.

मागे फरशीवर खारूचा दवाखाना भरला होता. हा तिचा रोजचा खेळ. बाहुलीला निजवायचं, मनगट धरायचं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. किती लिहू, असं ती पूर्वी एकदा विचारत आली होती. आईने पोळपाटावरून मान न उचलता सांगितलं होतं, वीस लिही. तेव्हापासून ते पान विसांनी भरलं होतं, काही वीस उलटे, काही आडवे. आज मात्र तिच्याकडे खरं घड्याळ होतं. तिने ते फ्रॉकवर धरलं, बोटं बाहुलीच्या मनगटावर ठेवली, आणि आजीची नाडी बघताना आईला शंभरदा पाहिलं होतं तशी नजर बाहुलीच्या छातीवर नेली. काटा फिरत होता. ती हलली नाही. पूर्ण एक मिनिट ती हलली नाही.

मग तिने पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. आईकडे पाहिलं.

“सिस्टर,” ती म्हणाली, आणि आई वळली. “ही तर श्वासच घेत नाहीये. तरी वीसच लिहू?”